पोस्टमास्तरांच्या नेमणुका : टाफ्ट आणि विल्सन

विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत गावोगावच्या पोस्टमास्तरांच्या नेमणुका हे पक्षनेत्याच्या हातचे मोठे अस्त्र होते; रिपब्लिकन राष्ट्राध्यक्ष विल्यम टाफ्ट यांनी ते धाक घालण्यासाठी वापरले, त्यांच्यानंतरचे डेमोक्रॅट राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन यांनी मन वळवण्यासाठी. टाफ्ट यांनी स्वपक्षातील बंडखोर खासदारांच्या या नेमणुकांसाठीच्या शिफारशी अडवून धरल्या, पण बंडखोर नमले तर नाहीतच, उलट अधिकच बिथरले, आणि १९१० मध्ये प्रतिनिधिगृहातील बहुमतही गेले. विल्सन यांना खरे तर सुधारणावाद्यांनाच पदे द्यायची होती. परंतु जुन्या खासदारांना दुखावून एकही विधेयक पुढे सरकणार नाही, हे पोस्टमास्टर जनरल (टपाल खात्याचे प्रमुख) आल्बर्ट बर्लसन यांनी त्यांच्या गळी उतरवले. विल्सन यांनी त्या खासदारांच्या शिफारशी मानल्या आणि १९१३ मध्येच जकातकपातीचा आणि फेडरल रिझर्व्हचा (अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचा), असे दोन्ही कायदे झाले. अर्थात विल्सन यांचा पक्ष तुलनेने एकसंध होता, टाफ्ट यांचा आधीच दुभंगलेला.