ब्लेंडर, आठ महिने वापरून: ग्राफ एडिटर आधी उघडला असता तर तीन महिने वाचले असते

मागच्या आठवड्यात रात्री पावणेबाराला लाइट गेली तेव्हा ब्लेंडरमध्ये एका लग्नपत्रिकेच्या व्हिडिओचा रेंडर, म्हणजे एकेका फ्रेमचं पक्कं चित्र काढणं, चालू होतं. ३६० पैकी २९० वी फ्रेम. माझ्या लॅपटॉपची बॅटरी केव्हाच संपलेली, वायर काढली की मशीन बंद. चौथ्या महिन्यात हेच झालं होतं, तेव्हा थेट एमपी४ काढायला लावलं होतं आणि अर्धवट राहिलेली ती फाइल शेवटपर्यंत उघडली नाही. सातशे रुपयांचं काम, रात्रभर जागून पुन्हा केलं. या वेळी लाइट आल्यावर फोल्डर उघडलं, तर २८९ पीएनजी, म्हणजे एकेका फ्रेमच्या वेगळ्या चित्रफाइल, जागच्या जागी होत्या. स्टार्ट फ्रेमला २९० टाकलं, रेंडर सुरू केला आणि झोपायला गेलो.

ब्लेंडर म्हणजे थ्रीडी चित्रं आणि अॅनिमेशन करायचं सॉफ्टवेअर. ते फुकट आहे, कुठून उतरवायचं, हे सगळ्यांना माहीत आहे. मी त्याची ४.२ एलटीएस आवृत्ती वापरतो. खाली जे आहे ते आठ महिन्यांत माझ्या हाताला लागलेलं.

माझं मिरजेत डीटीपीचं दुकान आहे, एकवीस वर्षं झाली. पत्रिका, पावती पुस्तकं, मंडळांचे अहवाल. गेल्या दोन हंगामांत गिऱ्हाईक छापील पत्रिका शंभरच घेतं, बाकी सगळ्यांना व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ पाठवतं. तयार टेम्प्लेटमध्ये नावं बदलून देत होतो, पण तोच सोनेरी दरवाजा आणि त्याच पाकळ्या शेजारच्या गल्लीतल्या लग्नातही उघडायला लागल्या. म्हणून स्वतः शिकायचं ठरवलं.

आधी क्लास लावला. फी चोवीस हजार, त्यातले दहा हजार आगाऊ. सहा रविवार गेलो. टेबल, खुर्ची, फुलदाणी, पुन्हा खुर्ची. हलणारी एकही वस्तू नाही. सातव्या रविवारी विचारलं, ‘सर, अॅनिमेशन कधी?’ तर ‘तो पुढचा मोड्यूल, त्याची फी वेगळी.’ पैसे परत मागितले, तेव्हा पावतीच्या मागचा बारीक टाइप दाखवला. बारीक टाइप लावणं हाच माझा धंदा, तरीही तो मी वाचला नव्हता. चार चकरा मारल्या, एक रुपया मिळाला नाही. तिथे वर हेही ऐकवलं गेलं की फुकटच्या सॉफ्टवेअरवर प्रोफेशनल काम होत नाही. मला हे फार लागलं. २००२ साली जगभरातल्या लोकांनी एक लाख युरो वर्गणी काढून हे सॉफ्टवेअर कायमचं खुलं करून घेतलं, आणि त्यावर केलेल्या लॅटव्हियाच्या चित्रपटाने २०२५ मध्ये अॅनिमेशनचं ऑस्कर घेतलं. दोष फुकट असण्याचा नाही.

तरीही तीन महिन्यांनंतर मी हरलो होतो. दोन दुकानदार मित्रांना सांगूनही टाकलं होतं की हे आपलं काम नव्हे, टेम्प्लेटच बरं. ते मत मी आता पूर्ण मागे घेतो.

कारण चेंडू. सगळे सांगतात की पहिला धडा उसळणाऱ्या चेंडूचा. मी केला. फ्रेम १ वर चेंडू वर, फ्रेम १३ वर खाली, फ्रेम २५ वर पुन्हा वर, तिन्ही ठिकाणी आय दाबून की, म्हणजे त्या फ्रेमला वस्तू कुठे असेल याची खूण, लावली. प्ले केलं तर चेंडू जमिनीजवळ येताना हळू व्हायचा, कापसाच्या गादीवर ठेवल्यासारखा टेकायचा आणि हळूच वर जायचा. मग मी सगळ्या की लिनियर, म्हणजे मधली गती एकसारखी, केल्या, तर तो यंत्रात अडकल्यासारखा वरखाली व्हायला लागला. मग मधे मधे आणखी की घातल्या. चौदा की झाल्या आणि चेंडू थरथरायला लागला.

ग्राफ एडिटर मी तोवर उघडला नव्हता. क्लासमध्ये त्याचं नाव निघालं नव्हतं, आणि नावावरून मला ते इंजिनिअर लोकांचं काही वाटायचं. एका दुपारी गिऱ्हाईक नव्हतं म्हणून उघडला. पडद्यावर एक वक्र रेषा, तिच्यावर नोड म्हणजे बिंदू, नोडला दोन्ही बाजूंनी वक्र ओढायचे हँडल. मी बघतच राहिलो. हे तर कोरल, माझं रोजचं डिझाइनचं सॉफ्टवेअर! एकवीस वर्षं मी हेच हँडल ओढून ‘श्री’च्या वेलांटीचा गोलावा काढतोय. इथे फक्त आडवी बाजू म्हणजे फ्रेम आणि उभी बाजू म्हणजे उंची. रेषा जिथे उभी चढते तिथे वस्तू वेगात, जिथे आडवी पडते तिथे मंद. कोरलमध्ये टोकदार कोपऱ्याला नोड कस्प करतो, तसं इथे जमिनीवरच्या की निवडून व्ही दाबून व्हेक्टर केल्या. वरच्या की गोल ठेवून त्यांची हँडल आडवी लांब ओढली. जास्तीच्या अकरा की काढून टाकल्या, कारण नोड जितके कमी तितका अक्षराचा गोलावा शुद्ध, हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती. स्पेस दाबला. चेंडू आपटला आणि उसळला.

मुलगी मागून बघत होती. म्हणाली, ‘बाबा, हा रबराचा झाला.’ त्या दिवशी मी दुकान लवकर बंद केलं.

त्यानंतर मला याचा नादच लागला. काउंटरवरून खरा चेंडू टाकून मोबाइलवर स्लो मोशनमध्ये शूट केलं. एक मीटर वीस सेंटिमीटरवरून पडायला साधारण अर्धा सेकंद लागतो, म्हणजे सेकंदाला २४ फ्रेमच्या हिशेबात १२ फ्रेम. पुढची उसळी निम्म्या उंचीची असेल तर तिचा वेळही निम्मा, असं मी धरून चाललो होतो. ते चुकीचं आहे. वेळ उंचीच्या वर्गमुळाने कमी होतो, म्हणजे ७० टक्क्यांच्या आसपास राहतो. १२ नंतर ६ नाही, ८ ते ९ फ्रेम. एवढा आकडा बदलला आणि शेवटच्या बारीक उसळ्यांमधली घाई गेली. शिकणाऱ्याने एवढं एक जरी लिहून ठेवलं तरी पुष्कळ.

मग तोरण. पत्रिकेत वर आंब्याच्या पानांचं तोरण हलतं ठेवायचं होतं. पहिल्या प्रयत्नात प्रत्येक पान आपल्या पोटाभोवती पंख्यासारखं फिरलं, कारण ओरिजिन, म्हणजे वस्तू ज्याभोवती फिरते तो बिंदू, मधोमध होतं. ते देठाशी नेलं तेव्हा पान लटकायला लागलं. पण अकरा पानं एकदम डावीकडे, एकदम उजवीकडे, कवायतीसारखी. डोप शीटमध्ये, म्हणजे सगळ्या की फ्रेमनुसार मांडलेल्या तक्त्यात, प्रत्येक पानाच्या की मागच्या पानापेक्षा दोन फ्रेम पुढे सरकवल्या, बाकी काही केलं नाही. वाऱ्याची झुळूक एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे गेली. वारा मी कुठेच काढलेला नाही, पण तो दिसतो. वराच्या मामांनी प्रूफ बघताना विचारलं, ‘दादा, हे शूटिंग कुठल्या हॉलचं?’

मजकूर मी ब्लेंडरमध्ये टाइप करत नाही. माझी सगळी अक्षरं वर्षानुवर्षांच्या फॉन्टमध्ये आहेत, त्यामुळे कोरलमध्ये अक्षरांचे कर्व्ह, म्हणजे नुसत्या रेषा, करून एसव्हीजी फाइल काढतो आणि ती आत घेतो. जोडाक्षर जसं लावलं तसंच येतं, आणि प्रूफ वाचायची सवय मोडत नाही.

खर्च विचाराल तर अकराशे रुपयांची जुनी रॅम घेतली, ८ ची १६ जीबी केली. ग्राफिक्स कार्ड नाही. ईव्ही या ब्लेंडरच्या झटपट रेंडर पद्धतीवर माझ्या मशीनला एका फ्रेमला ४० सेकंद लागतात, म्हणजे १५ सेकंदांच्या व्हिडिओला चार तास. रात्री लावून ठेवतो. नवं मशीन घ्यायलाच हवं असं दुकानदार सांगेल. वर्षाला वीस-बावीस व्हिडिओंसाठी मी घेणार नाही.

रेंडरचं मात्र ऐका. आउटपुटला पीएनजीच ठेवा आणि ओव्हरराइटची, म्हणजे आधीच्या फाइलवर पुन्हा लिहिण्याची, खूण काढून टाका. मग लाइट गेली तरी झालेल्या फ्रेम तो सोडून देतो, स्टार्ट फ्रेमही बदलावी लागत नाही. हे मला मागच्या आठवड्यानंतर कळलं. सगळ्या फ्रेम झाल्या की त्याच सॉफ्टवेअरच्या व्हिडिओ सीक्वेन्सरमध्ये घेऊन एमपी४ करायला काही मिनिटं लागतात.

सध्या चालणारा माणूस करतोय, वरातीसाठी. टेकलेला पाय अजून दर पावलाला बोटभर मागे घसरतो. काल ग्राफमध्ये बघितलं तर पाय टेकलेला असतानाच्या फ्रेममध्ये त्याची रेषा सरळ उतरायला हवी, ती मधे पोटात वाकलेली आहे. आज दुकान बंद केल्यावर त्या दोन की व्हेक्टर करून बघणार आहे.