स्लॅब टाकलाच नव्हता, आणि मी ‘स्लॅब पूर्ण’ म्हणून सही केली

आकडे आधी सांगते. घर बांधून देणाऱ्या ठेकेदाराला आम्ही दिले १४,३८,१२५ रुपये. नंतर दुसऱ्या इंजिनियरकडून मोजमाप करून घेतलं, तेव्हा जागेवर भरलेलं काम निघालं ७,८५,००० रुपयांचं. मधले ६,५३,१२५ रुपये गेले. त्याचं नाव आणि गावाचं नाव लिहीत नाही. प्रकरण ग्राहक आयोगात आहे आणि वकिलांनी सक्त मनाई केली आहे. पश्चिम महाराष्ट्रातलं तालुक्याचं गाव, एवढं पुरे.

आमचे हे सैन्यात आहेत, वर्षातून दोनदा सुट्टीवर येतात. मी पतसंस्थेत रोखपाल आहे. पावत्या, सह्या, शिक्के हेच माझं रोजचं काम. त्यामुळे घरीदारी एकच वाक्य ऐकते, “दिवसभर दुसऱ्यांच्या सह्या तपासतेस, मग स्वतःची कशी केलीस?” याचं उत्तर माझ्याकडे आहे. दिलं की सबब वाटते, तरी देणार आहे.

हा माणूस रस्त्यावरचा नव्हता. सासऱ्यांच्या गावचा, लांबच्या पाहुण्यातला. आमच्याच गल्लीत त्याने बांधलेली दोन घरं मी रोज बघत होते. दोन गुंठ्यांचा प्लॉट आमचा स्वतःचा, कर्ज न काढता घेतलेला. त्यावर १,०५० चौरस फूट तळमजला, विथ मटेरियल म्हणजे मालासकट, १,७५० रुपये फूट. एकूण १८,३७,५०० रुपये. करार शंभराच्या स्टॅम्पवर, नोटरी केलेला. टप्पे असे ठरले: करारावेळी १० टक्के, जोता झाल्यावर २०, कॉलम आणि लिंटेलपर्यंत (दार-खिडक्यांवरच्या पट्टीपर्यंत) वीटकाम झाल्यावर २०, स्लॅबला २५, प्लास्टर-फरशीला १५ आणि चावी देताना १०.

हे टप्पे पुन्हा वाचा. स्लॅबपर्यंत ७५ टक्के पैसे त्याच्या हातात. नव्या इंजिनियरने कागद बघताक्षणी विचारलं, “हे टप्पे कुणी ठरवले?” स्लॅब झाला तरी घर जेमतेम निम्मं झालेलं असतं. प्लास्टर, फरशी, दारं-खिडक्या, नळ, वायरिंग, रंग हा सगळा खर्च पुढेच उभा असतो. म्हणजे तो प्रामाणिक असता, तरी स्लॅबनंतर आमच्या कामावर येण्यात त्याचा फायदा उरला नव्हता. टप्पे त्यानेच लिहून आणले होते. “सगळीकडे असंच असतं, वहिनी,” म्हणाला आणि आम्ही मान डोलावली. तुम्ही डोलावू नका. टक्केवारी दुसऱ्या इंजिनियरला दाखवा, हजार-दोन हजार फी गेली तर जाऊ द्या.

२०२४ च्या अक्षय्य तृतीयेला, १० मे रोजी, भूमिपूजन झालं. पाऊस लागायच्या आत जोता बांधून, आत मुरूम भरून, पाणी मारून त्याने दाखवलं. पहिले दोन टप्पे, १,८३,७५० आणि ३,६७,५०० रुपये, आमच्या साठवणीतले. दोन्हीच्या पावत्या त्याने न मागता दिल्या. माझा विश्वास बसला तो इथे. पावसाळ्यात काम थांबलं. गणपतीनंतर कॉलम उभे राहिले, लिंटेलपर्यंत वीटकाम झालं. तिसरे ३,६७,५०० रुपये बँकेच्या कर्जातून गेले. मधेच सेप्टिक टँक आणि पाण्याच्या टाकीसाठी “वरचे” म्हणून ६०,००० रोख मागितले. आईच्या पाटल्या गहाण ठेवून दिले. त्याची पावती नाही. मागितली तेव्हा म्हणाला, “हिशेबात धरू.” टाकीचा खड्डा आजही तसाच उघडा आहे.

आता २४ ऑक्टोबरचा दिवस. त्या दिवसाचा एकेक तास मला पाठ आहे.

त्याच्या आदल्या आठवड्यात सेंट्रिंग, म्हणजे स्लॅब ओतायचा साचा, लागलं. प्लेटा, बल्ल्या, सगळं खालून दिसत होतं. मी काम सुटल्यावर साडेसहाला जायचे, अंधारून आलेलं असायचं. वर चढायला बांबूची शिडी. साडी नेसून त्या शिडीवर चढणं मला जमलं नाही, हे मी मान्य करते. पण खालून जे दिसत होतं तेही पुरेसं होतं. लोखंड बाजूला तसंच पडलेलं, न कापलेलं, न वाकवलेलं. फक्त एका बाजूच्या बीमची बांधणी झालेली. सिमेंटच्या पोत्यांवर दगडाखाली लोखंडाचं चलन, म्हणजे मालासोबत येणारी चिठ्ठी, ठेवलं होतं. ते मी उचलून वाचलं. ‘माल कोणाला’ या जागी ठेकेदाराचं नाव, ‘पोहोचवण्याचं ठिकाण’ या जागी दुसऱ्याच गावाचं. मला वाटलं, दोन साइटचा माल एकत्र आला असेल. ज्या बाईने पतसंस्थेत एका अक्षराच्या फरकावरून चेक परत केले, तिने ते चलन पुन्हा दगडाखाली ठेवलं.

चलन तुमच्या नावाचं नसेल, तर तुमच्या अंगणात पडलेलं लोखंड तुमचं नसतं. हे मी नंतर फार महागात शिकले.

२४ तारखेला, गुरुवारी, दुपारी तो बँकेत आला. सोबत इंजिनियरचं प्रमाणपत्र, तारीख २१ ऑक्टोबर. त्यात लिहिलेलं, ‘आरसीसी स्लॅबचे काम पूर्ण झाले असून चौथ्या टप्प्याची रक्कम अदा करण्यास हरकत नाही.’ हा इंजिनियरही त्यानेच आणलेला. नकाशा मंजूर करून घेणारा तोच, प्रमाणपत्र देणारा तोच, आणि त्याची फी जायची ठेकेदाराच्या हातून. खाली माझी सही हवी होती.

मी विचारलं, “दादा, स्लॅब तर अजून टाकला नाही. इथे ‘पूर्ण’ लिहिलंय.”

“वहिनी, बँकेचा कागद असाच असतो. रविवारी स्लॅब टाकतोय. पैसे आज नाही सुटले तर दिवाळीच्या सुट्ट्या लागतील. लोखंडवाला थांबत नाही, माणसं गावाला पळतील. मग बसा देवदिवाळीपर्यंत.”

मी बँकेच्या अधिकाऱ्याकडे पाहिलं. त्यांनी मान वर केली नाही. दोन दिवस आधी बँकेने पाठवलेला माणूस साइटवर येऊन गेला होता. शेजारच्या काकूंनी सांगितलं की तो गाडीवरून उतरलाही नाही, रस्त्यावरून दोन फोटो काढले आणि गेला. त्याचा अहवालही फायलीत लागला होता. इंजिनियर म्हणतोय पूर्ण, बँकेचा माणूस म्हणतोय पूर्ण, समोरचा पाहुण्यातला. ह्यांना फोन लावला, तो लागला नाही. मी सही केली. दुसऱ्या दिवशी ४,५९,३७५ रुपये थेट ठेकेदाराच्या खात्यावर गेले.

रविवारी काँक्रीटची गाडी आली नाही. मग दिवाळी आली. दिवाळीनंतर म्हणाला, विधानसभेची निवडणूक आहे, सगळी माणसं आणि ट्रॅक्टर प्रचाराला गेलेत. २० नोव्हेंबरला मतदान झालं, २३ ला निकाल लागला, गुलाल उधळून झाला, आणि फोन बंद झाला. २८ तारखेला सकाळी सेंट्रिंगवाला टेम्पो घेऊन आला. त्याचं ३८,००० भाडं थकलं होतं. प्लेटा सोडवून घेऊन गेला. दोन दिवसांनी लोखंडवाला आला. मी आडवी उभी राहिले. त्याने बिलबुक दाखवलं. माल ठेकेदाराच्या नावाने, उधारीवर, एक रुपया न मिळालेला. माझ्याकडे दाखवायला काही नव्हतं.

त्याने परत नेताना केलेली यादी मी लिहून घेतली: ८ एमएमच्या ११० सळया, १० च्या ९०, १२ च्या ३०. सळई १२ मीटरची. व्यासाचा वर्ग भागिले १६२ केलं की एका मीटरचं वजन किलोत निघतं, हे मला तेव्हा कळलं. हिशेब केला, साधारण १,५०८ किलो. ठेकेदाराने माझ्याकडे सांगितलेलं वजन होतं २,६०० किलो. सळया मोजायला दहा मिनिटं लागतात. ती मी ऑक्टोबरमध्येच काढायला हवी होती.

त्यानंतर मी जिथे जिथे गेले, तिथे मला माझीच सही दाखवली गेली.

पोलीस ठाण्यात पहिल्यांदा निवडणुकीच्या बंदोबस्ताच्या थकव्याचं कारण मिळालं. दुसऱ्यांदा साहेब बाहेर होते. तिसऱ्यांदा अर्ज वाचून म्हणाले, “हे दिवाणी आहे, मॅडम. कोर्टात जा. काम तर केलंय ना त्याने थोडं?” मी म्हटलं, दुसऱ्याच्या पैशाने तिसऱ्याचा स्लॅब टाकणं याला काय म्हणायचं? त्यांनी प्रमाणपत्र माझ्यापुढे सरकवलं. “सही तुमचीच ना? तुम्हीच लिहून दिलंय, काम झालं म्हणून.” अर्जाची पोच मिळवायला मला पाच खेपा घालाव्या लागल्या. पाच! पोच घेतल्याशिवाय तिथून उठू नका, कितीही तास बसवलं तरी. गुन्हा नोंदवत नसतील तर पोलीस अधीक्षकांना रजिस्टर पोस्टाने अर्ज करता येतो आणि पुढे न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं, नव्या नागरिक सुरक्षा संहितेत कलम १७३(४) आणि १७५(३). हे मला पोलिसांनी सांगितलं नाही, वकिलांनी सांगितलं. अधीक्षकांना पाठवलेला अर्ज फिरून त्याच ठाण्यात, त्याच टेबलावर आला.

रेराकडे, म्हणजे बिल्डरांच्या प्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या प्राधिकरणाकडे जा, असं दहा जणांनी सुचवलं. माझा भाऊ पुण्यात फ्लॅट घेतोय, त्याचा करार मी शेजारी ठेवून वाचला. राज्याच्या नियमांमधल्या नमुना करारात त्याच्यासाठी मर्यादाच घालून दिल्या आहेत: करार झाल्यावर ३० टक्क्यांपर्यंत, जोत्यापर्यंत ४५, सगळे स्लॅब होईपर्यंत ७०. नोंदणीकृत करार होण्याआधी बिल्डर १० टक्क्यांच्या वर घेऊच शकत नाही. त्याच्या पैशातला ७० टक्के भाग वेगळ्या खात्यात ठेवावा लागतो. ताबा लांबला तर व्याजासह परतावा मागता येतो. आणि मी? जमीन माझी, घर मी स्वतःसाठी बांधतेय, विक्रीचा प्रकल्प नाही, म्हणून माझा ठेकेदार त्या कायद्यात बसतच नाही. आमच्यासारखी स्वतःच्या प्लॉटवर घर बांधणारी माणसं गावोगाव आहेत. आम्हाला विचारणारं कुणी नाही.

नगरपालिकेत इंजिनियरविरुद्ध तक्रार केली. खोटं प्रमाणपत्र दिलं, परवाना तपासा, एवढंच मागणं होतं. उत्तर आलं की आम्ही नकाशाप्रमाणे बांधकाम आहे का ते बघतो, बँकेला दिलेल्या कागदाशी आमचा संबंध नाही. बँकेत गेले. त्यांच्या माणसाच्या भेटीचा अहवाल मागितला, तर तो म्हणे अंतर्गत दस्तऐवज. माझ्या कर्जाचा, माझ्या घराचा, ज्याची फी माझ्या खात्यातून कापली तो अहवाल! रक्कम तुमच्या विनंतीवरून सोडली, असं लेखी दिलं. रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जायचं तर आधी बँकेकडे लेखी तक्रार करून ३० दिवस थांबावं लागतं. मी तोंडी भांडण्यात तीन महिने घालवले होते. पहिल्या दिवसापासून सगळं लेखी करा.

दरम्यान बँकेचं व्याज सुरूच आहे. वाटप झालेल्या ८,२६,८७५ रुपयांवर महिना ६,०२९. घरभाडं ७,५००. पाटल्या अजून गहाण. आई त्याविषयी एक शब्द बोलत नाही, तेच जास्त लागतं.

शेवटी ग्राहक आयोग. घर बांधून देणं ही कायद्याने ‘सेवा’ आहे, त्यामुळे तिथे दार उघडं होतं. दिलेली रक्कम १० ते २० लाखांमध्ये असल्याने फी फक्त ४०० रुपये. तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते, हे लक्षात ठेवा, कारण हे लोक “पुढच्या महिन्यात करतो” म्हणत तेवढी वर्षं सहज काढतात. मार्च २०२५ मध्ये तक्रार दाखल केली. लेखी म्हणणं द्यायला समोरच्याला ३० दिवस आणि वर फार तर १५ मिळतात. त्याने अगदी शेवटच्या दिवशी दिलं. त्यात चौथा परिच्छेद असा: ‘स्लॅबचा टप्पा पूर्ण झाल्याचे तक्रारदाराने स्वतः लेखी मान्य केले आहे.’ सोबत माझ्या सहीची झेरॉक्स.

म्हणून आता हात जोडून सांगते. पैसे लवकर सुटावेत म्हणून खरं नसलेलं काहीही लिहून देऊ नका, ‘रविवारी होणारच आहे’ असलं तरी नाही. करारात नुसता ‘स्लॅब’ असा शब्द ठेवू नका. काँक्रीट ओतून, पाणी मारून, सेंट्रिंग उतरल्यावर स्लॅब पूर्ण, असं लिहा. इंजिनियर तुमचा, फी तुमच्या खात्यातून. लोखंड-सिमेंटची बिलं तुमच्या नावावर, पैसे थेट दुकानदाराला. रोख एक रुपया नाही. शिडी चढता येत नसेल तर चढणाऱ्या माणसाला घेऊन जा, पण उजेडात जा.

आमच्या बाजूने एक गोष्ट आहे. मी रोज संध्याकाळी काढलेले फोटो मोबाइलमध्ये तारखेसह आहेत. २४ ऑक्टोबरच्या फोटोत न कापलेलं लोखंड स्पष्ट दिसतं, आणि लोखंडवाल्याने परत नेलेल्या मालाची यादी त्याच्या सहीसह दिली आहे. वकील म्हणतात, इंजिनियरलाही पक्षकार करू. तो अर्ज गेल्या तारखेला दिला.

हे मे महिन्यात सुट्टीवर आले, तेव्हा कॉलमच्या वर उघड्या राहिलेल्या सळयांना गंज चढला होता. आम्ही दोघांनी तारेच्या ब्रशने त्या घासल्या आणि सिमेंटचं घट्ट पाणी लावलं, म्हणजे पावसात आणखी खराब होऊ नयेत. त्या वेळी शिडीवर मीच चढले होते. वरून पहिल्यांदाच कळलं की चार कॉलमांची उंचीसुद्धा सारखी नाही. तेही मोजून, फोटो काढून आयोगात दिलं आहे.