खडकवासल्यावर रिमोटवाल्या शिडाच्या बोटींची रेस: 4 स्टार, एक मुद्दाम कापलाय

क्लबचं नाव लिहीत नाही कारण खाली तक्रारीपण आहेत आणि माणसं चांगली आहेत, उगाच कुणाला वाईट वाटायला नको. खडकवासला धरणाच्या मागच्या अंगाला आहे एवढं पुरे. पुण्यात बोट म्हटलं की लोकांना सीओईपी कॉलेजची रेगाटा, म्हणजे होड्यांचा मेळा, आठवते, नाहीतर 1868 पासूनचा रॉयल कॅनॉट बोट क्लब, पण नदीवर शिडाच्या बोटीचं काही खरं नाही, दोन्ही काठांना झाडं आणि बिल्डिंगा, वारा अडतो, त्यात जलपर्णी. मोकळा वारा पाहिजे तर धरणावरच जावं लागतं. एनडीएचे कॅडेटपण सेलिंग शिकतात ते याच पाण्यावर, पीकॉक बेमध्ये.

तर इथे रविवारी दुपारनंतर रेडिओ कंट्रोल यॉटच्या रेस लावतात. क्लबच्या स्वतःच्या बोटी ड्रॅगनफोर्स 65 क्लासच्या, म्हणजे 65 सेंटिमीटर लांब, वजन सव्वा किलोच्या आसपास, सगळ्या डिट्टो सारख्या, त्यामुळे हरलेल्या माणसाला बोटीच्या नावाने बोटं मोडायची सोय नाही. मोटर वगैरे काही नाही हं. बॅटरी असते ती फक्त आतल्या दोन सर्व्होंसाठी, एक रडर (सुकाणू) हलवतो आणि दुसरा शिडाची दोरी आत ओढतो किंवा सोडतो, बाकी सगळं वाऱ्यावर. नवीन आलेली पोरं (आणि पोरांपेक्षा जास्त त्यांचे बाबा) डावी स्टिक थ्रॉटल समजून चालतात आणि शीड पूर्ण आत खेचून ठेवतात, मग बोट एका बाजूला कलून जवळपास जागच्या जागी. हलक्या वाऱ्यात शिडाला जरा ढील दिली की तीच बोट सुळकन निघते, पतंग उडवलेल्यांना हे लवकर जमतं असं माझं निरीक्षण आहे. आणि वाऱ्याच्या तोंडावर सरळ जाता येत नाही, साधारण 45 अंशांच्या आत गेलात की शीड फडफडायला लागतं आणि बोट ठप्प, म्हणून वाऱ्याच्या बाजूच्या बोयाकडे (बोया म्हणजे वळायची तरंगती खूण) एकदा डावीकडून एकदा उजवीकडून असं नागमोडी जावं लागतं.

खरी गंमत (आणि खरी चिडचिड) बोट तुमच्याकडे तोंड करून येते तेव्हा. तुम्ही स्टिक उजवीकडे देता आणि बोट तुमच्या डावीकडे जाते. इथे जे काका रेस घेतात त्यांनी यावर एक साधी गोष्ट सांगितली, बोट ज्या दिशेला चाललीय तिकडे आपले खांदे फिरवायचे आणि फक्त मान वळवून बोटीकडे बघायचं, म्हणजे तिचं डावं उजवं आणि आपलं एकच राहतं. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं काठावर आठ-दहा जणांना एकदम मान लचकलीय की काय, पण काम करतं राव. दुसरी अडचण अंतराची. लांबच्या बोयापाशी बोट पोचली की अजून अलीकडेच आहे हे काठावरून अजिबात कळत नाही, सगळं चपटं दिसतं. त्यावर काकांचं उत्तर, शिडाने बोया झाकला तर बोट अलीकडे आहे, बोयाने बोटीचा तुकडा झाकला तर पलीकडे. एवढं सोपं कुणी यूट्यूबवर सांगत नाही, तिथे सगळे नॉट कशी बांधायची तेच दाखवत बसतात.

रेस मात्र एकदम सिरीयस. स्पीकरवर एक मिनिटाचं काउंटडाउन, लाइनच्या मागे सगळ्यांची घुसाघुशी, शून्याच्या आधी नाक पुढे गेलं तर मागे येऊन परत स्टार्ट घ्यायचा. नियम मोठ्या यॉटच्या रेसिंगचेच, वर रेडिओवाल्यांसाठी त्याच नियमांची पुरवणी, अपेंडिक्स ई. म्हणजे ज्याला वारा उजव्या अंगाने लागतोय त्याचा हक्क पहिला, आणि तो ओरडताना शिडावरचा नंबर घेऊन ओरडतो, "सतरा स्टारबोर्ड!" (स्टारबोर्ड म्हणजे बोटीची उजवी बाजू), कारण माणूस काठावर आणि बोट तिकडे, नुसतं "ए बाजूला हो" म्हटलं तर कुणी कुठे व्हायचं? बोयाजवळचा झोन, म्हणजे वळणाचे खास नियम लागतात तो भाग, मोठ्या बोटींना बोटीच्या तीन लांब्यांचा असतो तो इथे चार लांब्यांचा. बोयाला टच झालात तर एक पूर्ण गिरकी घ्यायची, एक टॅक (बोटीचं नाक वाऱ्यातून फिरवायचं) आणि एक जाइब (मागची बाजू वाऱ्यातून), आणि इथे ते लोक स्वतःहून घेतात, अगदी कुणी बघितलं नसेल तरी. सिग्नलला झेब्रावर उभं राहणाऱ्या आपल्या पुण्यात हे बघून मला गहिवरून आलं. स्कोअर उलटा असतो, पहिल्याला 1 पॉइंट, दुसऱ्याला 2, शेवटी ज्याचे कमी तो वर, आणि एक सगळ्यात वाईट रेस धरत नाहीत, त्यामुळे सुरुवातीला माती खाल्ली तरी दिवस वाया जात नाही.

आता एक स्टार का कापला ते. चार वाजता सांगितलेली रेस म्हणजे पावणेपाचला, हे एक. एप्रिल-मेमध्ये वारा पश्चिमेकडून दुपारनंतरच धरतो हे मान्य, पण माणसाला खरी वेळ सांगा ना, उन्हात का उभं करता. पाणी खाली गेलं की काठाला तडे गेलेला चिखल असतो, त्यावरून बोट हातात धरून उतरायचं म्हणजे चप्पलवाल्यांचं काम नाही. क्लबच्या रिमोटमधले सेल शेवटच्या रेसपर्यंत मान टाकतात, आपले चार पेन्सिल सेल खिशात ठेवा. शेवाळ कीलला (बोटीच्या तळाच्या उभ्या पात्याला) अडकलं की बोट निम्म्या स्पीडने चालते आणि आपल्याला वाटतं आपलंच काहीतरी चुकतंय, तर दोन रेसच्या मध्ये बोट उचलून कील पुसून घ्यायची. वारा पडला आणि बोट मध्येच राहिली तर टेनिस बॉल बांधलेली लांब दोरी फेकून ओढून आणतात, तो प्रकार फुल एंटरटेनमेंट, त्याचे वेगळे पैसे घेत नाहीत. चहाबद्दल काही बोलत नाही.

क्लबची बोट घेऊन एका दुपारचे तीनशे रुपये, एवढ्यात सिंहगड रोडला धड थाळीपण येत नाही. माझं स्पष्ट म्हणणं, आधी स्वतःची बोट घेऊ नका. किट बाहेरून येतं, त्यावर ड्युटी, त्यावर कुरिअर, आणि घरी आणून लावणार कुठे, सोसायटीच्या स्विमिंग पूलमध्ये? तिथे वाराच नसतो. दोन-तीन रविवार यांच्या बोटीवर काढा, मग ठरवा. तिथे एक जण इंटरनॅशनल वन मीटर आणतात, एक मीटर लांब, कमीत कमी 4 किलो वजनाची, वाऱ्याप्रमाणे बदलायला तीन वेगवेगळे रिग, म्हणजे डोलकाठी आणि शिडांचे संच. ती पाण्यावर बघितली की 65 वाली खेळण्यासारखी वाटायला लागते आणि डोक्यात नको ते आकडे फिरतात. ते गृहस्थ हात लावू देतात पण किंमत विचारली की विषय बदलतात, बहुतेक घरी माहीत नसावी.

मुलांना न्यायचं असेल तर दहाच्या पुढची न्या, लहानांचा पेशन्स पहिल्या फेरीत संपतो. ऑक्टोबर टाळा, वारा नावालाही नसतो. पावसाळ्यात वारा झकास, छोटा रिग लावून बोटी नाक पाण्यात खुपसत पळतात, पण रविवारी अर्धं पुणे कणीस आणि भजी खायला चौपाटीवर आलेलं असतं, तेव्हा दोनच्या आत किरकटवाडी फाटा ओलांडा, नाहीतर रेस तुम्हाला गाडीतूनच ऐकू येईल.