बालआंदोलकांची चित्रपुस्तकं: वापरानंतरचा अनुभव (बांधणीसकट)

अमेरिकेतल्या रुबी ब्रिजेस या शाळकरी मुलीवरचं पुस्तक पावसाळ्यात सुटं झालं. फाटलं असतं तर लेकीला बोलले असते, पण मधली चार पानं नुसती अलगद हातात आली, आणि कण्याला सरसाची वाळकी पट्टी तशीच चिकटलेली. ३२ पानांचं पेपरबॅक, किंमत पाचशेला एक रुपया कमी. म्हणजे पान साधारण सोळा रुपयांना पडलं. तेवढ्यात चार मराठी चित्रपुस्तकं येतात आणि त्यांना पिना असतात.

ज्या ऑनलाइन दुकानातून घेतलं तिथे फोन केला. "मॅम, रिटर्न सात दिवसांतच होतं." मी म्हटलं, अहो, आठव्या दिवशी टाकून द्यायला ही काय कोथिंबीर आहे का? त्यावर पन्नास रुपयांचं कुपन आलं, तेही पुढच्या ९९९च्या खरेदीवर. ते मी वापरलेलं नाही, वापरणारही नाही.

मग अप्पा बळवंत चौकाजवळच्या एका बाइंडरकाकांकडे गेले. त्यांनी पान बोटांत चोळून पाहिलं. "ताई, हा आर्ट पेपर. याच्यावर सरस वरच बसतो, आत मुरत नाही." चकचकीत कागदाला लेप असतो, सरस त्या लेपाला धरतो, कागदाला नाही, पुस्तक सारखं उघडलं की पान सुटणारच. आता रंगीत चित्रं उठतात ती याच कागदावर, आणि मुलं एकच पुस्तक शंभरदा उघडतात, मग नुसत्या सरसावर ही पुस्तकं कोण बांधतं? १६ पानांचा एक फॉर्मा (छापलेल्या एका मोठ्या कागदाची घडी), असे दोन, म्हणून ३२ पानं. मध्यावर दोन पिना मारल्या असत्या तरी भागलं असतं.

काकांनी ऐंशी रुपयांत कण्याच्या बाजूने शिलाई मारून दिली. पुस्तक आता माझ्या नातवंडांपर्यंत टिकेल. फक्त शिलाईने आतली बोटभर जागा खाल्ली, आणि दोन पानांवर पसरलेल्या सगळ्यांत मोठ्या चित्रात रुबी नेमकी मधोमध. आता तिच्या बंदोबस्ताचे मार्शल चारही दिसतात. रुबीची एक रिबीन दिसते.

अख्खी गोष्ट त्या चित्रातच आहे, म्हणून एवढी चिडचिड. १४ नोव्हेंबर १९६०, न्यू ऑर्लिन्स. सहा वर्षांची काळी मुलगी गोऱ्यांच्या शाळेत पहिलीच्या वर्गात निघालीय, आणि तिला दारापर्यंत सोडायला केंद्र सरकारचे मार्शल. गोऱ्या पालकांनी आपली मुलं काढून घेतली. बॉस्टनहून आलेल्या बार्बरा हेन्री बाईंनी वर्षभर तिला एकटीला शिकवलं. कायदा, कोर्ट, वर्णभेद यातलं काही लेकीच्या डोक्यात शिरलं नाही. तिचा प्रश्न एकच: मग ती डबा कोणाबरोबर खायची?

गोष्टीत याचं उत्तर नाही. ते आहे शेवटच्या पानावर, मोठ्यांसाठी म्हणून बारीक टायपात छापलेल्या मजकुरात. बाहेरच्या जमावातली एक बाई विष घालीन म्हणून धमकावायची, त्यामुळे रुबीने फक्त घरून आणलेलं खायचं असं ठरलं. वडिलांची पेट्रोल पंपावरची नोकरी गेली. सुरुवातीला हे पान मला निव्वळ जागा अडवणारं वाटायचं, मी सरळ गाळायचे. आता या पुस्तकांत तेच आधी वाचते, कारण रात्री साडेनऊला येणाऱ्या प्रश्नांची उत्तरं सगळी तिथे असतात. प्रकाशकांनी ते जरा मोठ्या अक्षरांत छापावं. चष्मा लागलेले आईबापही वाचतात.

बाकीच्या पुस्तकांचं थोडक्यात. ऑड्री फे हेंड्रिक्स, बर्मिंगहॅम, १९६३. नऊ वर्षांची असताना मोर्चात गेली आणि आठवडाभर कोठडीत राहिली. लेक हे पुस्तक झोपायच्या वेळी नको म्हणते, दुपारी चालतं. हवामानासाठी दर शुक्रवारी शाळा बुडवून धरणं धरणाऱ्या ग्रेटा थनबर्गचं पुस्तक वाचल्यावर शुक्रवारी शाळेला सुट्टी मागण्यात आली. मागणी फेटाळली.

मला स्वतःला पटलं ते सिल्व्हिया मेंडेझचं. कॅलिफोर्नियात मेक्सिकन मुलांना वेगळ्या शाळेत बसवायचे. १९४५ मध्ये पाच कुटुंबांनी मिळून दावा लावला, १९४६ मध्ये जिंकला, १९४७ मध्ये अपिलातही टिकला. बाकी पुस्तकांत एक धीट मूल उभं राहतं आणि जग बदलतं. इथे बाप दारोदार फिरून इतर पालकांना तयार करतो, वकील शोधतो, पैसे उभे करतो. चळवळ अशीच चालते. मुलांना हे कंटाळवाणं वाटेल अशी भीती होती, पण सह्या गोळा करायचं पान लेकीला पाठ आहे.

पाचवं पुस्तक परदेशातल्या भारतीय मुलीचं, वारसा वगैरे. या प्रकारातली मी जितकी चाळली त्यांत आजी असतेच, मसाल्यांचा वास असतोच, आधी डब्याला हसणारी मुलं शेवटी बोटं चाटतातच. एकदा वाचलं की पुरे, असं मी मनात लिहूनही टाकलं होतं. पण लेकीने विचारलं, "आपल्या शाळेत तर अंडं आणायलाच बंदी आहे. मग हसणार कशाला?" सूचनापत्रकात तसं खरंच छापलेलं आहे. पालकसभेत मी हाच प्रश्न विचारला, तर 'इतर पालकांच्या भावना' असं उत्तर मिळालं. त्यामुळे या पुस्तकाचा एक गुण वाढवला.

मराठीचं काय? दुकानात विचारलं की थोरांची चरित्रं पुढे करतात, म्हणजे फेटे आणि दाढ्या. मुक्ता साळवे फुल्यांच्या पुण्यातल्या शाळेत शिकली. मांग-महारांच्या दुःखावरचा तिचा निबंध १८५५ मध्ये 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. रुबीच्या १०५ वर्षं आधी, आणि आमच्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर. ही गोष्ट मी लेकीला तोंडीच सांगते. नंदुरबारच्या शिरीषकुमारचीही सांगते, पण ९ सप्टेंबर १९४२चा गोळीबार आला की हात आखडतो. पंधरा वर्षांच्या मुलाचं मरण सात वर्षांच्या मुलीला चित्रांशिवाय कसं सांगायचं ते जमत नाही. एखाद्या चांगल्या चित्रकाराने हे काम घ्यावं. पैसे द्यायची माझी तयारी आहे, आणि मी पैसे सहज सोडणाऱ्यांतली नाही.

तोवर स्वस्त उपाय म्हणजे प्रथम बुक्सची स्टोरीवीव्हर ही वेबसाइट. मराठी गोष्टी फुकट आहेत, छापून घ्यायलाही परवानगी आहे. आंदोलकांपेक्षा हत्ती आणि पाऊसच जास्त, पण वेगवेगळ्या घरांतली, वेगवेगळ्या रंगांची मुलं भरपूर. आम्ही साध्या कागदावर प्रिंट काढतो, झेरॉक्सवाला मध्यावर पिना मारून देतो. त्यातलं एकही पान अजून हललेलं नाही.

विकत घेणार असाल तर सिल्व्हिया घ्या, शक्यतो हार्डकव्हर. ऑड्री कोणाकडून तरी वाचायला आणा. रुबीचं दुकानात जाऊनच घ्या: मधली पानं पूर्ण उघडा आणि घडीत दोरा किंवा पिना दिसतात का ते बघा. ऑनलाइन घेत असाल तर पैसे भरण्याआधी त्या घडीचा फोटो मागवा. मी नवीन प्रतीसाठी दोन विक्रेत्यांकडे मागितला, दोघांनीही मुखपृष्ठाचा पाठवला.