लिनक्स सोडून फ्रीबीएसडी: बाकी झकास, पण वायफायचे पैसे कोण भरून देणार?

बर्कलेचा वारसा, १९९३ पासूनचा इतिहास, परवान्यांचा वाद हे सगळं तुम्हाला माहीत आहे असं धरून चालतो. नसेल तर एवढंच: फ्रीबीएसडी ही लिनक्ससारखीच फुकट मिळणारी, पण युनिक्सच्या बर्कले शाखेतून आलेली वेगळी ऑपरेटिंग सिस्टीम. मी तिच्या १४.० आवृत्तीपासून ती रोजच्या लॅपटॉपवर वापरतोय. आठ जीबी मेमरी, इंटेलचं वायफाय कार्ड, सेकंडहँड मशीन.

लिनक्स सोडण्यामागे तत्त्वबित्त्व काही नव्हतं. माझ्या वितरणाने, म्हणजे मी वापरत होतो त्या लिनक्सच्या अवताराने, टर्मिनलमध्ये अपडेट करताना स्वतःच्या सशुल्क सेवेची जाहिरात दाखवायला सुरुवात केली. वर ब्राउझर असा बसवला, की तो उघडेपर्यंत चहाला आधण यायचं. फुकट मिळतंय म्हणून काहीही खपवून घ्यायचं का? निघालो.

बसवणं सोपं आहे. डेस्कटॉप मात्र आपला आपण चढवायचा. हँडबुक (फ्रीबीएसडीची अधिकृत मार्गदर्शिका) समोर ठेवलं तर एका संध्याकाळचं काम. मराठीची धास्ती होती, ती फोल ठरली. नोटो फॉन्ट टाकले, कीबोर्डच्या मांडणीत भारत आणि त्यात मराठी निवडलं, देवनागरीची इनस्क्रिप्ट मांडणी सुरू. फक्त ग्राफिकल डेस्कटॉपच्या बाहेरच्या काळ्या कन्सोलवर देवनागरीची अपेक्षा ठेवू नका.

आता मुद्द्याचं. घरी शंभर एमबीपीएसचा प्लॅन आहे आणि त्याचे पैसे मी दर महिन्याला मुकाट भरतो. फ्रीबीएसडीवर वायफाय जोडलं आणि वेग वीस-बावीसच्या वर जाईना. राउटर हलवला, चॅनल बदलला, शेजाऱ्यांच्या नेटवर्कला दोष देऊन झाला. कारण साधं होतं: इंटेलच्या बऱ्याच कार्डांचे ड्रायव्हर तेव्हा ८०२.११जी या वायफायच्या जुन्या, संथ पिढीतच अडकले होते. कागदावर चोपन्न, हातात त्याच्या निम्म्याहून कमी. उरलेले ऐंशी एमबीपीएस मी कंपनीला दान करत होतो!

यावर मी काय काय केलं ते ऐकाच. आधी फोन राउटरला वायफायने जोडून यूएसबीवरून टेदरिंग केलं, म्हणजे फोनचं इंटरनेट वायरीने लॅपटॉपला दिलं. चालतं, पण फोन दिवसभर वायरीला बांधलेला. मग वायफायबॉक्स. यात बीहाइव्हमध्ये (फ्रीबीएसडीच्या आत आभासी मशीन चालवणाऱ्या सोयीत) अल्पाइन नावाचं एक छोटं लिनक्स चालवून वायफाय कार्ड त्याच्या ताब्यात द्यायचं. वेग फक्कड मिळाला, पण लिनक्सला रामराम ठोकून आलेला माणूस इंटरनेटसाठी पोटात लिनक्स पाळतोय, हे मनाला पटेना. शेवटी हॉलमधून आतल्या खोलीत लॅनची केबल ओढली. तिला अडखळून घरातल्या प्रत्येकाने मला एकेकदा तरी ऐकवलंय. ओपनबीएसडी या भावंड प्रणालीचाही विचार केला. या बाबतीत ते पुढे आहे, ८०२.११एसी ही वायफायची बरीच वेगवान पिढी तिथे आधीच आली होती. पण तिथे झेडएफएस (डिस्कवर फायली ठेवायची आणि त्यांची जुनी स्थिती जपायची पद्धत) नाही आणि ब्लूटूथही नाही, म्हणून तो बेत राहिला.

या टप्प्यावर मी परत लिनक्सवर जायच्याच तयारीत होतो. तेवढ्यात फ्रीबीएसडीची उपआवृत्ती (१४.० वरून १४.१ अशी) बदलायची वेळ आली. त्या काळात ग्राफिक्स ड्रायव्हरचं तयार पॅकेज मागच्या उपआवृत्तीसाठी बांधलेलं असायचं, त्यामुळे नवीन उपआवृत्तीवर गेलं की काळा पडदा दिसणं ही सर्वांना ठाऊक असलेली कटकट होती. (१४.२ पासून प्रणालीच्या गाभ्याला जोडल्या जाणाऱ्या अशा ड्रायव्हरांसाठी पॅकेजेसचं वेगळं भांडार आहे, म्हणून हे आता बरंच कमी झालंय.) लिनक्सवर असं झालं की माझी रात्र जायची. इथे मशीन पुन्हा सुरू केलं, सुरुवातीच्या मेन्यूतून जुनं बूट एन्व्हायर्न्मेंट, म्हणजे अपडेटच्या आधीच्या प्रणालीची जपलेली प्रत, निवडलं, आणि दोन मिनिटांत कालचा डेस्कटॉप जसाच्या तसा समोर. अपडेट करण्याआधी यंत्रणेने झेडएफएसवर ते आपणहून जपून ठेवलं होतं. माझ्या फायलींचं होम फोल्डर झेडएफएसच्या वेगळ्या कप्प्यात (डेटासेटवर) असल्याने त्या दिवशी लिहिलेल्या फायलींना धक्काही नाही. लिनक्सवरही हे जमवता येतं, मान्य. पण इथे मी काहीच जमवलं नव्हतं. परत जायचा विचार तिथेच थांबला.

मग जून २०२५ मध्ये १४.३ आलं आणि इंटेलच्या बऱ्याच कार्डांना ८०२.११एन आणि एसी मिळालं. माझं त्यात निघालं. वेग आता साठ-सत्तरच्या घरात असतो. शंभर नाहीच, हे मी लक्षात ठेवलंय, पण केबल गुंडाळून माळ्यावर टाकली. त्यामुळे वर वायफायबद्दल जे खडे फोडले ते जुन्या आवृत्तीवरचे समजा.

बाकीचं थोडक्यात. झेडएफएस मेमरी ओरपतं, आठ जीबीत ते जाणवतं. एआरसीची, म्हणजे झेडएफएस मेमरीत जो साठा धरून ठेवतं त्याची, कमाल मर्यादा दोन जीबी केली आणि वैताग संपला. सेवांच्या बहुतेक सेटिंग एका आरसी डॉट कॉन्फ फाइलमध्ये सापडतात, हे सुख लिनक्सवर सेवा सांभाळणारं सिस्टमडी वापरलेल्यालाच कळेल. मूळ प्रणाली वेगळी आणि आपण टाकलेली पॅकेजेस यूएसआर लोकल या फोल्डरमध्ये वेगळी, त्यामुळे साफसफाईला हात थरथरत नाही. संरक्षित व्हिडिओवाले ओटीटी फायरफॉक्समध्ये थेट चालत नाहीत, कारण त्यासाठी लागणारं गूगलचं वाइडवाइन हे कॉपी-संरक्षण इथे नाही. लिनक्सचा ब्राउझर सुसंगतता-थरावर (लिनक्सचे प्रोग्राम इथे चालवायच्या सोयीवर) चढवून ते करता येतं, पण मी त्या फंदात पडलो नाही, टीव्ही आहे. ऑफिसचं काम डॉकरवर (प्रोग्राम बंदिस्त डब्यात चालवायच्या लिनक्सवाल्या साधनावर) असेल तर मात्र येऊच नका. फ्रीबीएसडीचे असेच बंदिस्त कप्पे, म्हणजे जेल, कितीही उत्तम असले तरी टीममधले लोक तुमच्यासाठी जेल लिहून देणार नाहीत.

बदलावं का? टेबलाजवळ लॅनची जागा असेल तर बिनधास्त बदला. सगळी भिस्त वायफायवर असेल तर आधी पेनड्राइव्हवरून लाइव्ह चालू करा, कार्डाचं नाव बघा आणि ते हार्डवेअरच्या यादीत शोधा. रियलटेकचं कार्ड असेल तर यादी दोनदा वाचा. लिनक्स असलेली जुनी एसएसडी मी अजून पुसलेली नाही. ऑफिसच्या डॉकरपुरती ती लागतेच, आणि नवी एसएसडी घ्यायला उगाच पैसे कोण घालवणार?