हॉईल आधी वाचावेत की नारळीकर?

फ्रेड हॉईल केंब्रिजमध्ये मार्गदर्शक, तर जयंत नारळीकर त्यांचे विद्यार्थी. दोघेही खगोलशास्त्रज्ञ, दोघेही कादंबरीकार. 1972 साली हॉईलनी केंब्रिजला रामराम ठोकला आणि त्याच वर्षी नारळीकर मुंबईत टीआयएफआर (टाटा मूलभूत संशोधन संस्था) मध्ये आले.

हॉईलची 'द ब्लॅक क्लाउड' 1957ची. सूर्याकडे येणारा एक प्रचंड ढग चक्क विचार करू शकतो, ही कल्पना आजही झकास वाटते. किंग्जली हा तिचा नायक मात्र फटकळ. राजकारण्यांना तो मोजतच नाही. मधेच गणितही येतं, तेव्हा कंटाळलात तर खुशाल पान उलटा.

नारळीकरांची सुरुवात गमतीची. 1974च्या मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा पाठवली, ती टोपणनावाने. ज. वि. ना. उलटं केलं, ना. वि. ज. झालं आणि त्यातून 'नारायण विनायक जगताप' जन्मले! अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा लिहून काढली पत्नी मंगलाताईंनी. पहिलं बक्षीस जगतापांना मिळालं.

त्यांच्या 'उजव्या सोंडेचा गणपती'मध्ये उजव्या हाताचा गोलंदाज अचानक डाव्या हाताने चेंडू टाकू लागतो. देवघर, क्रिकेट आणि भूमिती एकाच कथेत! पात्रं थोडी सपाट असतात, हे खरं. संवादही कधी वर्गात शिकवल्यासारखे वाटतात.

तरी मी म्हणेन, आधी नारळीकरांच्या कथा, मग त्यांची 'वामन परत न आला' ही कादंबरी, आणि त्यानंतर हॉईल. गुरूच्या आधी शिष्य, चालतंय की!