पॅकियाओ की मेवेदर: वजनगट चढत गेलेल्या दोघांपैकी आधी कुणाचं करिअर बघायचं?

भाचा दोन महिन्यांपासून बॉक्सिंगच्या क्लासला जातोय आणि आता त्याचं नुसत्या रील्सवरच्या नॉकआउटवर भागत नाहीये. परवा म्हणाला, मामा मला एका बॉक्सरचं करिअर पहिल्यापासून शेवटपर्यंत बघायचंय, वजनगट बदलत वर गेलेला पाहिजे, मॅनी पॅकियाओ बघू की फ्लॉइड मेवेदर? दोन्ही बघ म्हणून सुटका होत नाही कारण बारावीचं वर्ष आहे आणि ताईनं रविवारचे फक्त दोन तास मंजूर केलेत. तर तुम्हीही याच पेचात असाल तर हे वाचा, मी दोघांच्याही बहुतेक मोठ्या फाइट्स पाहिल्यात, काही तर नको तितक्या वेळा.

आधी तो आकड्यांचा घोळ मिटवू. सर्च केलं की पहिल्यांदा दिसतं पॅकियाओ ८ वजनगटांत चॅम्पियन आणि मेवेदर ५, मग माणूस म्हणतो ८ मोठे ना, संपला विषय. तसं नाहीये. पॅकियाओच्या ८ पैकी दोन, म्हणजे १२६ आणि १४० पौंड, हे जगज्जेतेपदाचे बेल्ट देणाऱ्या चार मोठ्या संघटनांच्या बेल्टवर नाहीत तर 'द रिंग' मासिकाच्या किताबावर आणि त्या गटातल्या खऱ्या राजाला हरवलं या हिशोबावर धरले जातात. आता मला विचाराल तर ते दोन कागदी बेल्टपेक्षा जास्त वजनदार आहेत, कारण समोर १२६ ला बरेरा आणि १४० ला हॅटन होते, पण आकडा फेकण्याआधी एवढं माहीत असावं. आणि मेवेदरनं पहिला किताबच १३० पौंडांवर घेतला, खालचे गट त्याच्या वाट्याला आलेच नाहीत, त्यामुळे ८ विरुद्ध ५ ही शर्यत एकाच रेषेवरून सुटलेली नाही.

वजनगट चढणं म्हणजे काय हे कुस्ती बघणाऱ्याला फार सांगायला नको, ५७ किलोचा पैलवान ७४ मध्ये उतरला तर काय होईल ते डोळ्यासमोर आणा. बॉक्सिंगमध्ये वजन आदल्या दिवशी होतं, पोरं पाणी तोडून तोडून काट्यावर उभी राहतात आणि रात्रभरात परत भरून घेतात, म्हणून कागदावर दोघं सारखे असले तरी रिंगमध्ये एक जण सात-आठ किलोनं जड असू शकतो. आणि वर जाताना चरबी वाढवून उपयोग नसतो, हाड तेवढंच राहतं, मनगट तेवढंच राहतं, समोरच्याचा जबडा मात्र जाड होत जातो. खालच्या गटात ज्या ठोशानं माणूस झोपायचा तोच ठोसा वरच्या गटात नुसता राग आणतो.

फिलिपिन्सचा पॅकियाओ १९९५ मध्ये १६ व्या वर्षी प्रो झाला तेव्हा भरत होता जेमतेम ४४ किलो, किमान वजन दिसावं म्हणून खिशात जड वस्तू घालून काट्यावर चढायचा हे त्यानं स्वतःच नंतर सांगितलंय. डिसेंबर १९९८ मध्ये थायलंडमध्ये जाऊन चॅटचाय सासाकुलला आठव्या राऊंडला झोपवलं आणि ११२ पौंडांचा, म्हणजे साधारण ५१ किलोचा बेल्ट घेतला, त्या चार संघटनांपैकी डब्ल्यूबीसीचा. ही फाइट आधी बघा कारण त्यात पोरगा कच्चा आहे, सासाकुल त्याला बऱ्यापैकी नाचवतोय, आणि मग एक डावा बसतो आणि खेळ खल्लास. पुढच्याच वर्षी तो बेल्ट काट्यावर घालवला, वजन उतरलंच नाही, आणि वर तिसऱ्या राऊंडला पोटात ठोसा खाऊन बाद झाला. खरी गंमत इथे आहे, वाढत्या वयाचं शरीर फ्लायवेटमध्ये, म्हणजे त्या ११२ च्या गटात, कोंबून ठेवलं होतं ते सोडून दिलं आणि मधले दोन गट गाळून थेट १२२ ला गेला. जून २००१ मध्ये लास वेगसला लेहलोहोनोलो लेडवाबाविरुद्ध कुणीतरी हवा होता म्हणून दोन आठवड्यांच्या नोटिशीवर उभा राहिला, नवा कोच फ्रेडी रोच, अमेरिकेत नाव कुणाला माहीत नाही, आणि सहा राऊंडमध्ये बेल्ट काढून घेतला. मग नोव्हेंबर २००३ मध्ये सॅन अँटोनिओत मार्को अँटोनिओ बरेरा. ती फाइट मी अजूनही कधी कधी रात्री जेवताना लावतो, बायको म्हणते तुला निकाल माहीत नाही का.

मेवेदरकडे यातलं काहीच नाही. तो मिशिगनमधल्या ग्रँड रॅपिड्सचा, बाप बॉक्सर, काका रॉजर बॉक्सर, १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये ५७ किलोत ब्राँझ, सेमीफायनल बल्गेरियाच्या तोदोरोवविरुद्ध वादग्रस्त निकालात हरला. म्हणजे घराणं, तालीम, नाव सगळं आधीपासून. ज्याला गरिबीतून वर आलेल्या पोराची गोष्ट बघायचीये त्याचा निर्णय इथेच होतो, पुढचं वाचायची गरज नाही.

पण ज्याला बॉक्सिंग शिकायचंय त्यानं १३० पौंडांवरचा मेवेदर बघितलाच पाहिजे, कारण लोकांच्या डोक्यात जो कंटाळवाणा, पैसे उडवणारा, बचाव करत पॉइंट गोळा करणारा मेवेदर बसलाय तो हा नाही. ऑक्टोबर १९९८ मध्ये २१ वर्षांच्या पोरानं जेनारो हर्नांडेझला खुर्चीवरून उठू दिलं नाही, आठ राऊंडमध्ये बेल्ट घेतला. आणि जानेवारी २००१ ची डिएगो कोरालेसविरुद्धची फाइट म्हणजे कळसच, कोरालेस तोवर एकदाही हरलेला नाही, अंगानं मोठा, आणि मेवेदरनं त्याला पाच वेळा खाली पाडला, दहाव्यात कोपऱ्यातूनच लढत थांबवली. पॅकियाओनं १३० ला एरिक मोरालेसशी तीन फाइट्स केल्या, पहिली हरला, पुढच्या दोन नॉकआउटनं जिंकला, आणि २००८ मध्ये मेक्सिकोच्या हुआन मॅन्युएल मार्केझला एका पॉइंटच्या फरकानं हरवून बेल्ट घेतला. थरार पॅकियाओचा जास्त, सफाई मेवेदरची जास्त. या एका गटात मला मेवेदर वरचढ वाटतो, ते पॅकियाओवाल्यांना आवडणार नाही, चालेल.

१३५ पटकन उरकतो. पॅकियाओनं तिथे एकच फाइट केली, जून २००८, डेव्हिड डियाझला नवव्यात झोपवून पुढे निघाला. मेवेदर तिथे चार फाइट्स राहिला आणि त्यातली पहिली, एप्रिल २००२, होजे लुइस कॅस्टिलोविरुद्ध, ही त्याच्या करिअरमधली खरी शंकेची जागा. जजनी सरळसरळ त्याला दिली, बघणाऱ्यांपैकी भरपूर जणांना कॅस्टिलो जिंकलेला दिसला. मेवेदरच्या त्या ५०-० च्या, म्हणजे पन्नास जिंकल्या एकही हरला नाही, यातल्या शून्यावर कुणी शपथ घ्यायला लागलं तर ही फाइट दाखवा. १४० मध्ये मेवेदरनं गॅटीला सहा राऊंड अक्षरशः फोडला, पॅकियाओनं हॅटनला दुसऱ्या राऊंडच्या शेवटच्या सेकंदाला आडवा केला, दोन्ही दहा-वीस मिनिटांचं काम आहे, जेवायच्या आधी होऊन जाईल.

आता १४७ आणि वर. तुलनेला खरा मसाला इथे आहे कारण दोघांचे पाच प्रतिस्पर्धी सारखेच निघतात: ऑस्कर डे ला होया, हॅटन, मार्केझ, कोटो, मोस्ली. निकाल नुसते शेजारी मांडले तर पॅकियाओ भयंकर दिसतो, मेवेदरला डे ला होयानं बारा राऊंड पळवलं आणि निकाल जजच्या २-१ मतांनी मेवेदरकडे लागला, पॅकियाओनं त्यालाच आठ राऊंडनंतर स्टुलावर बसवलं. हॅटनसाठी मेवेदरला दहा राऊंड लागले, पॅकियाओला दोन. पण थांबा, वजन बघा आणि तारीख बघा. मेवेदर डे ला होयाशी मे २००७ मध्ये १५४ ला लढला, जिथे ऑस्कर त्या वेळी आरामात होता. पॅकियाओशी लढायला ऑस्कर डिसेंबर २००८ मध्ये कित्येक वर्षांनी १४७ ला उतरला आणि काट्यावर १४५ भरला, सुकलेला माणूस होता तो, पाय चालत नव्हते. अर्थात त्याच दिवशी पॅकियाओ १४२ भरला होता आणि सहा महिन्यांपूर्वी १३५ ला खेळत होता, त्यामुळे त्याचं श्रेय काढून घेता येत नाही, फक्त अर्धं करता येतं. हॅटन तर पॅकियाओच्या आधी मेवेदरकडून फुटूनच आला होता.

कोटोचं अजून मजेशीर आहे. नोव्हेंबर २००९ मध्ये पॅकियाओनं त्याला १४५ च्या कॅचवेटवर, म्हणजे गटाच्या मर्यादेऐवजी आपसात ठरवलेल्या वजनावर, दोन पौंड जास्तीचे उतरवायला लावून, बाराव्यात थांबवला. मे २०१२ मध्ये मेवेदर त्याच्याशी १५४ ला लढला, पूर्ण वजन, कोटो ताजातवाना, त्यानं मेवेदरचं नाक रक्तबंबाळ केलं आणि तरी मेवेदर स्पष्ट जिंकला. माझ्या मते मेवेदरचा १५४ मधला हा विजय पॅकियाओच्या १५४ वाल्या बेल्टपेक्षा मोठा आहे. कारण पॅकियाओचा तो आठवा बेल्ट, नोव्हेंबर २०१०, मार्गारिटोविरुद्ध, लढला गेला १५० च्या कॅचवेटवर आणि पॅकियाओ भरला १४४.६, म्हणजे तो त्या गटाचा कधी झालाच नाही. पण परत दुसरी बाजू: फाइटच्या रात्री मार्गारिटो १६५ आणि पॅकियाओ १४८, सतरा पौंडांचा फरक, आणि तरी मार्गारिटोच्या डोळ्याखालचं हाड मोडून हॉस्पिटलात. आता याला काय म्हणणार.

मेवेदर पण कॅचवेटच्या बाबतीत साधू नाही. मार्केझला १३५ वरून १४४ ला बोलावलं आणि स्वतः १४६ भरला, दंड भरून मोकळा झाला. कॅनेलोला २०१३ मध्ये १५२ ला उतरवला. कॅनेलोची फाइट बघायची ती मात्र दुसऱ्या कारणासाठी, ३६ वर्षांचा माणूस २३ वर्षांच्या बैलासारख्या पोराला हातच लावू देत नाही, आणि तरी एका जजनं ती बरोबरीत दिली होती!

मार्केझ हा पॅकियाओचा घसा खवखवणारा घास. चार फाइट्स, एक बरोबरी, दोन थोडक्यात जिंकलेल्या आणि डिसेंबर २०१२ मध्ये सहाव्या राऊंडच्या शेवटच्या सेकंदाला तोंडावर आपटलेला पॅकियाओ. मेवेदरनं त्याच मार्केझला बारा राऊंड सहज खेळवलं. इथे दोघांच्या चढण्यातला फरक उघडा पडतो. पॅकियाओनं वर नेला तो वेग आणि ठोसा, आणि ठोसा एका जागी येऊन थांबला, कोटोनंतर २०१८ मध्ये मॅथिसेला पाडेपर्यंत त्याला एकही नॉकआउट मिळालेला नाही. मेवेदरचे हात वारंवार दुखावले म्हणून त्यानं ठोशाचा नाद आधीच सोडला आणि खांद्याआड हनुवटी लपवण्याची ती घरची कला, अंतर, टायमिंग एवढंच सोबत घेतलं. त्याला वजन लागत नाही, म्हणून ती कोणत्याही गटात चालली. मोस्लीनं दुसऱ्या राऊंडला त्याचे गुडघे वाकवले होते, बघा त्यानंतर तो काय करतो, पळत नाही, उलट पुढे येतो.

दोघांची आपसातली फाइट शेवटी बघा किंवा बघूच नका. २००९-१० मध्ये व्हायला हवी होती, रक्ततपासणीच्या अटींवरून फिसकटली, झाली २ मे २०१५ ला. आपल्याकडे रविवारची सकाळ होती, मी चार जणांना घरी पोह्यांना बोलावलं होतं आणि आठव्या राऊंडपर्यंत दोघं मोबाइल बघायला लागले. तिन्ही जजच्या पॉइंटवर ११८-११०, ११६-११२, ११६-११२ असा मेवेदर जिंकला. अमेरिकेत ४६ लाख घरांनी पैसे मोजून पाहिली. पॅकियाओचा खांदा आधीच दुखावलेला होता, नंतर ऑपरेशन झालं, पण खांदा धड असता तरी निकाल फार वेगळा लागला असता असं मला वाटत नाही.

रिंगबाहेरचंही काहींना महत्त्वाचं असतं. मेवेदर २०१२ मध्ये घरगुती मारहाणीच्या प्रकरणात दोन महिने जेलमध्ये होता, ज्यांना हे कळल्यावर त्याच्याकडे बघवत नाही त्यांचं मला पटतं. पॅकियाओ पुढे फिलिपिन्सचा सिनेटर झाला, पण त्याच्या थोडं आधी २०१६ मध्ये समलिंगी लोकांबद्दल असं काही बोलला की नायकेनं करार तोडला, माफी मागितली तरी. देव कुणीच नाही.

तर माझं मत: नवीन असाल, हौस म्हणून बघायचंय, तर पॅकियाओ, डोळे झाकून. सासाकुलपासून कोटोपर्यंत क्रमानं बघा, मग मधलं गाळून मार्केझची चौथी, मग २०१९ मध्ये चाळिशीत कीथ थर्मनला हरवतो ती. ४६ व्या वर्षी २०२५ मध्ये परत येऊन बॅरिओसशी बरोबरीत सुटला तीही मिळेल, पण ती काळजात धस्स होत बघायची. स्वतः हातमोजे घालत असाल तर मेवेदर, पण हर्नांडेझ, कोरालेस आणि कॅस्टिलोपासून, मूळचा बॉक्सर नसलेल्या मॅकग्रेगरसोबतच्या २०१७ च्या तमाशापासून नाही. आणि जुनं नको, चालू करिअर पाहिजे असेल तर हे दोघंही सोडा आणि जपानचा नाओया इनोउए धरा, १०८ पौंडांवरून चढत १२२ ला आलाय, ११८ आणि १२२ दोन्हीकडे सगळे बेल्ट एकट्यानं गोळा केले, आणि ठोसा अजून तरी सोबत येतोय.

भाचा क्लासला जातो तरी मी त्याला पॅकियाओच दिला, शिकणं कोच बघेल. काल रात्री फोन आला, मार्केझची पहिली फाइट, मे २००४, पहिल्याच राऊंडमध्ये मार्केझ तीनदा खाली पडला तरी बरोबरी कशी? म्हटलं राऊंड जिंकणाऱ्याला १०, हरणाऱ्याला ९ आणि खाली पडला की दर वेळी एक कमी, बाकी दोन जजनी तो राऊंड १०-६ दिला, तिसऱ्यानं १०-७, त्याला वाटलं याच्या खाली देताच येत नाही, नंतर स्वतः चूक कबूल केली. तो एक पॉइंट मार्केझचा कापला असता तर पॅकियाओ जिंकला होता. बराच वेळ पलीकडून आवाज नाही, मग म्हणाला, मामा मी आईला सांगतो आज अभ्यास होणार नाही.